बिरूचा पहिला हात

मंडळी, या सदरातले अनुभव मी दोन-तीन वर्षं वाचतो आहे. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला वाचतो. माझे वडील वाईला गणित शिकवायचे. आमच्या घरात कुणाची दृष्ट काढलेली मी कधी पाहिली नाही. पुढे मीही आवाजाच्या धंद्यात चाळीस वर्षं काढली. खोलीत कुठून गुणगुण ऐकू आली की मी आधी अर्थिंग तपासतो आणि मग वायर. तिसरं कारण शोधायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. त्यामुळे पुढचं वाचून 'म्हाताऱ्याचा काहीतरी गोंधळ झालाय' असं कुणी म्हटलं तर मला राग येणार नाही. पुष्कळ दिवस मी स्वतःच तसं म्हणत होतो.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. एका माणसाशी मी खोटं वागलो. तो माणूस गेला. मग त्याच्या नावावर मी आणखी एक खोटं चढवलं. ते मला उतरवायचंय. जे विचित्र घडलं ते या सगळ्याच्या मध्ये घडलं, म्हणून सांगतो.

मी साताऱ्यात एका शाळेत संगीत शिक्षक होतो. नोकरी सोडून सांगलीला आलो आणि विश्रामबागला घरामागे एक खोली बांधून रेकॉर्डिंगचा व्यवसाय सुरू केला. बारा बाय दहाची खोली, खिडकी नाही, दार एकच. भिंतींना आतून काथ्याच्या चटया आणि त्यावर गोणपाट. भजनी मंडळं, शाळांची स्वागतगीतं, लग्नातली गाणी, निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराची गाणी... असलं काम. मी हार्मोनियम आणि कीबोर्ड वाजवायचो. ढोलकीवाला मिरजेहून यायचा. आणि गिटारला बिरू.

बिरू म्हसवडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा धनगर. घरची मेंढरं वडिलांपर्यंत होती, नंतर थोडी शेती. हा कुपवाडला एका छोट्या कारखान्यात लेथवर होता. वडील गजी नाचाच्या मंडळात ढोल वाजवायचे, आणि तो ढोल याच्या मनगटात उतरलेला. कुणाची तरी जुनी गिटार मिळाली तेव्हा कुणाकडे शिकायला न जाता त्याने त्या सहा तारांवर तो ढोलच वाजवायला घेतला. बाकीचे गिटारवाले जिथे हात सोडतात, तिथे बिरूचा हात पडायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, आता चुकला. पण पुढच्या मात्रेला गाणं असं काही उचललं जायचं की गाणारा माणूस मान वळवून त्याच्याकडे बघायचा.

शिफ्ट सुटली की पावणेसहाला त्याची मोपेड दारात. हात धुतलेले, तरी लेथच्या तेलाचा वास यायचाच. खिशात भंडाऱ्याची डबी. चिमूटभर भंडारा गिटारीला लावायचा, पुटपुटत 'चांगभलं' म्हणायचा, आणि सहाही तारा मोकळ्या ठेवून अंगठ्याने एकच हात मारायचा. मग गप्प. तो आवाज पूर्ण विरला की मला मान हलवून सांगायचा, चला.

पहिल्यांदा मी चिडलो. "अरे बिरू, मशीन चालू असतं. दर वेळी मला ते कापत बसावं लागतं."

"पहिला हात देवाचा, मास्तर. आमच्या गजीत पहिली थाप बिरोबाची. तिच्यावर कुणी पाय उचलत न्हाई. त्यो गाण्यात धरायचाच न्हाई."

"धरायचा नाही ना? मग कापतो."

"कापा की! देव काय केस करतोय व्हय तुमच्यावर?"

अकरा वर्षं तो माझ्याकडे वाजवत होता, आणि अकरा वर्षं मी प्रत्येक गाण्याआधीचा तो हात कापत होतो. त्याची गिटार मुद्दाम अर्धा सूर खाली लावलेली असायची. म्हणे, "वर ताणली की तुटती." आणि तिसऱ्या तारेची खुंटी जुनी होती, ती तार सगळ्यांपेक्षा आणखी जराशी उतरायची. वाजवायला लागला की ती बरोबर बोटाने दाबून सुरात आणायचा. मोकळ्या तारांच्या त्या पहिल्या हातात मात्र तिचा तो उतरलेपणा स्पष्ट ऐकू यायचा.

माझी पुतणी मुग्धा पुण्यात साउंडचंच काम करते. एका दिवाळीत तिने माझ्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. कीबोर्डवर डाव्या हाताने कॉर्ड धरायची, उजव्या हाताला चार-पाच पट्ट्या: एक खालच्या स्ट्रोकची, एक वरच्या, एक दाबलेल्या तारांची. स्पीकरमधून चक्क गिटार. मी आनंदाने दोन तास वाजवलं आणि ऐकलं, तर शिलाई मशीन चाललंय!

मुग्धा हसली. "काका, तुम्ही पेटीवाल्यासारखं वाजवताय. गिटारवाल्याचा हात कसा जातो ते आधी बघा."

ते मी बघितलं. कुणाचा, हे सांगायला नको. बिरूला मी दोन रविवारी बोलावलं. सांगितलं, 'नमुन्याला' वाजवून हवंय. संथ, जलद, नुसते खाली, नुसते वर, तारा दाबून, सोडून.

"कशाला हवंय, मास्तर?"

"अभ्यासाला."

"घ्या की. हात काय झिजतोय व्हय!"

त्याला वाटलं मास्तरला या वयात गिटार शिकायची हौस आली. मी तसं वाटू दिलं.

मग मी ते रेकॉर्डिंग भिंगाखाली घातल्यासारखं तपासलं. खाली जाणारा हात जाड तारेकडून बारीक तारेकडे जातो आणि सहा तारा एकदम वाजत नाहीत, मागोमाग वाजतात. ते अंतर मोजलं. वर येताना हात फक्त खालच्या तीन तारांना लागतो, हलका. हात कधी थांबत नाही. तारेला लागला नाही तरी हवेत फिरतच असतो, म्हणून पुढचा स्ट्रोक वेळेवर पडतो. कॉर्ड बदलताना डावी बोटं उचलली जातात, तेव्हा क्षणभर मोकळ्या तारा वाजतात. आपल्याला कळत नाहीत, पण नसल्या की गिटार खोटी वाटते. हे सगळं मी स्ट्रोकमागून स्ट्रोक सॉफ्टवेअरमध्ये भरलं. काही पुढे, काही मागे, काही जोरात, काही निसटते. बिरूचा तो चुकल्यासारखा वाटणारा हातसुद्धा, जिथे पडायचा तिथेच. चार महिने लागले. मोजमाप संपल्यावर ते दोन रविवारांचं रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. जागा हवी होती म्हणून नाही. ते कुणाला सापडू नये म्हणून.

एका भजनी मंडळाच्या बुवांना त्यांचं गाणं ऐकवलं. बुवा म्हणाले, "आज बिरू लईच रंगात होता की हो." मी म्हटलं, "हो ना." इथून सुरुवात झाली.

त्यानंतर बिरूला बोलावणं बंद झालं. त्याचा फोन आला की मी सांगायचो, "हल्ली कुणाला गिटार नकोच असते रे." आता तुम्ही म्हणाल, धंदा आहे, मशीन आलं, माणूस गेला, सगळीकडे हेच झालंय. तसं असतं तर मला लाज वाटली नसती. मी त्याला खरं सांगून निरोप दिला असता तर तो ऐकून घेणारा माणूस होता. पण मला दुसराच गर्व चढला होता. बिरूला जमतं ते मला जमलं, तेही गिटारीला हात न लावता! आणि हे बिरूला कळू नये, असंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला मी आत काम करत होतो. कारखान्याला सुट्टी होती बहुतेक. दार उघडून बाहेर आलो तर पायरीवर बिरू बसलेला. किती वेळ बसला होता, देव जाणे.

"मास्तर, आत कोण हाय वाजवायला?" चेहरा हसरा होता त्याचा. "हात चांगला हाय गड्याचा. जरा माझ्यासारखा वाटतोय, पर माझ्यापरास साफ हाय. म्हटलं, भाईर आला की राम-राम घालावा."

मंडळी, त्या क्षणीसुद्धा वेळ गेली नव्हती. मी म्हणालो, "मिरजेचा मुलगा आहे एक. गेला तो आत्ताच."

"गेला? मी हितंच बसलोय की."

"मागच्या दाराने."

बिरूने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून खोलीकडे पाहिलं. ती खोली बांधताना गोणपाट ठोकायला तोच होता माझ्याबरोबर. चारी भिंतींवर त्याच्या हातचे खिळे होते.

"बरं," म्हणाला. हेल्मेट घातलं आणि गेला. तो शेवटचा.

सात-आठ महिन्यांनी कळलं, बिरूला कावीळ झाली आणि आठवड्यात आटोपलं. मी गेलो नाही. ताप आहे असा निरोप दिला. ताप नव्हता.

त्यानंतर इस्लामपूरचे एक गायक माझ्याकडे आले. धनगरी ओव्या आजच्या वाद्यांवर गायच्या, असा त्यांचा अल्बम. आल्या आल्या म्हणाले, "बिरूची गिटार असती तर काय बहार आली असती!" आणि माझ्या तोंडून गेलं, "आहे की. आजारी पडायच्या आधी वाजवून ठेवलीय त्याने." का बोललो? मला वाटलं, निदान नाव तरी लागेल त्याचं. एका खोट्याची भरपाई दुसऱ्या खोट्याने करायला निघालो होतो, आणि त्याला मी मनात श्रद्धांजली म्हणत होतो.

आता ते सांगतो.

कामाला बसलो तो दिवस साधा होता. मार्च महिना, दुपारचे साडेतीन, पंखा बंद — कारण आवाज येतो. पहिल्या गाण्याची गिटार भरून झाली होती. सुरुवातीला दोन आवर्तनं मी कोरी ठेवतो. प्ले केलं. त्या कोऱ्या जागेत गिटारीचा एक हात पडला. मोकळ्या तारा. हळूहळू विरला, आणि मग गाणं सुरू झालं.

मला वाटलं, कीबोर्डला धक्का लागला असेल. पडद्यावर पाहिलं, तिथे एकही स्वर लिहिलेला नाही. कोरं. पुन्हा प्ले केलं, पुन्हा हात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बाकीचे सगळे ट्रॅक बंद केले. गिटारचा ट्रॅक पूर्ण पुसला आणि नव्याने भरला. तरी तो हात होताच.

मग मी ते गाणं फाइल करून काढलं आणि तेवढाच तुकडा सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर धरला. सॉफ्टवेअरलाही मोकळ्या तारा येतात. पण त्या ठरलेल्या मापाच्या, बरोबर सुरातल्या. या सहा तारा अर्धा सूर खाली होत्या. आणि तिसरी तार त्याहून जराशी उतरलेली.

मी खोलीच्या बाहेर येऊन पायरीवर बसलो. भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. पकडला गेल्यासारखं वाटलं.

मुग्धाला फोन केला. ती म्हणाली, "काका, जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा चुकून आलाय तुमच्याकडून." मीही तेच म्हणालो असतो. पण जुनं रेकॉर्डिंग होतंच कुठे? बिरूचे पहिले हात मी अकरा वर्षं कापून फेकले होते. नमुन्याचं रेकॉर्डिंग पुसलं होतं, आणि नंतर तो कॉम्प्युटरही बदलला होता. तिने सगळं काम मागवून घेतलं, पुण्याला स्वतःच्या मशीनवर उघडलं. तिच्याकडे तो हात वाजला नाही. मी पाठवलेल्या तयार फाइलमध्ये मात्र तिलाही ऐकू आला. "हे कुठून आलं कळत नाहीये," म्हणाली, "पण गोड आहे. राहू द्या."

मी राहू दिलं नाही. अकरा वर्षांची सवय. तयार फाइलमधून तो हात कापला, स्वच्छ केलं, आणि इस्लामपूरला पाठवून दिलं.

प्रकाशन इस्लामपूरलाच एका मंगल कार्यालयात झालं. चार-पाचशे माणूस असेल. गायकांनी परस्पर बिरूच्या बायकोला बोलावून घेतलं होतं. हौसाबाई. बिरू गेल्यावर ती उंब्रजला भावाकडे राहायला गेली होती. पहिल्या रांगेत तिला माझ्या शेजारीच बसवलं. "बरं हाय न्हवं मास्तर?" एवढंच बोलली.

दिवे थोडे कमी केले, गाणं लावलं. आणि गाण्याच्या आधी, मी कापून टाकलेला तो हात सगळ्या हॉलभर वाजला.

 शेजारी हौसाबाईने चटकन पदर सावरला, हात जोडून कपाळाला लावले, आणि अगदी हळू म्हणाली, "चांगभलं." बिरू म्हणायचा तसंच, ओठातल्या ओठात. मग गाणं सुरू झालं. ते पाच मिनिटांचं गाणं तिने मांडीवरच्या पिशवीकडे बघत ऐकलं. टाळ्या झाल्या. निवेदकाने बिरूचं नाव घेतलं, त्याच्या बोटांतल्या जादूबद्दल बरंच काही बोलला, आणि हौसाबाईला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. तो नारळ त्यांनी माझ्या हस्ते दिला.

मी दिला.

घरी येऊन पाठवलेली फाइल उघडली. त्यात तो हात होता. कदाचित कापलेली फाइल ठेवून मी न कापलेलीच पाठवली असेन. सत्तरीच्या माणसाकडून होऊ शकतं. मी आजही त्या शक्यतेला नाही म्हणत नाही. पण तो हात मुळात आला कुठून, याला त्याने उत्तर मिळत नाही.

दोन वर्षं गप्प बसलो. गप्प बसणं मला चांगलं जमतं, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मग यंदा साताऱ्याहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. धनगरी ढोलाचा ठेका दुसऱ्या वाद्यांवर कसा आला, यावर ती प्रबंध लिहिते आहे. त्यात बिरूवर एक सबंध प्रकरण आहे, आणि त्याच्या वादनाचा नमुना म्हणून तिने या अल्बममधला एकेक स्ट्रोक लिहून काढलाय. "सर, एवढे तपासून द्याल का? त्यांचा हात तुमच्याइतका कुणाला माहीत नाही."

म्हणजे बिरूचा हात कसा होता, हे उद्या कुणाला बघायचं असेल तर त्याला माझा हात दिसणार. त्याच्या नावाने, कायमचा.  आणि विद्यार्थिनीला सांगायच्या आधी हौसाबाईला सांगायला हवं, एवढं मला कळलं.

सकाळच्या एसटीने कराडमार्गे उंब्रजला गेलो. हायवेच्या कडेला भावाचं घर, पुढे पत्र्याची शेड. हौसाबाई शेडमध्ये भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"आवं मास्तर! उन्हाचं कुठं आलासा? फोन तरी करायचा." पोतं झटकून पुढे सरकवलं. "बसा. च्या ठेवती."

"चहा नको. आधी ऐकून घे. नंतर तुला द्यावासा वाटला तर दे."

ती पुन्हा बसली. मी सगळं सांगितलं. नमुन्याचे दोन रविवार, सॉफ्टवेअर, 'कुणाला गिटार नको असते,' तापाचा निरोप, अल्बम. तिचे हात थांबले नाहीत. शेंग फुटत होती, दाणे सुपात पडत होते.

"त्या गाण्यातली गिटार बिरूची नाही," मी शेवटी म्हणालो.

"म्हाईत हाय मला."

"माहीत आहे? केव्हापासून?"

"हॉलात बसली तवापास्नं. आवं, लग्न झाल्यापास्नं त्यो हात ऐकलाय मी. मालक तिसऱ्या कडव्याला दमायचं. कारखान्यातनं आठ तास उभं राहून यायचं, मनगट दुखायचं. तिसऱ्या कडव्याला हात जड व्हायचा, मग दात-ओठ खाऊन चौथ्याला परत उठायचं. तुमचा त्यो कोण हाय, त्यो दमतच न्हाई."

चार महिने मी सगळं मोजलं होतं. तारांमधलं अंतर, बोटं उचलतानाचा आवाज, मनगटाचा हवेतला फेरा. तो दमलेला असायचा, हे मी मोजलं नव्हतं. अकरा वर्षं माझ्यासमोर दमत होता.

"मग तेव्हा बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर?"

"काय बोलू? एवढी माणसं. आन् तुमी नारळ द्यायला आलासा तवा तुमचं हात कापत हुतं. म्हटलं, ह्या म्हाताऱ्याला हितंच काय झालं म्हंजे!" ती जराशी हसली. मग हसू गेलं. "शाल मीबी घेतली की. माझीबी चूक हाय."

"तुझी नाही." मी म्हणालो. "आणखी एक सांगायचंय. एक दिवस तो आला होता, पायरीवर बसला होता..."

"मागच्या दाराचं व्हय?"

मी मान हलवली.

"घरी आलं आन् हासलं. लय हासलं. म्हणलं, हौसे, मास्तरानं आज भिंतीतनं दार काढलं बघ." तिने सूप बाजूला ठेवलं. "मग गिटारीची खोळ बांधली आन् माळ्यावर टाकली. परत न्हाई काढली. मी इचारलं, काढत का न्हाईसा? तर म्हणलं, माझ्यापरास चांगला गडी गावलाय मास्तरास्नी, आता काय."

त्याला कळलं होतं की मी खोटं बोललो. पण कशाबद्दल, ते नाही. आपल्यापेक्षा चांगला कुणीतरी आला, असं समजून तो गेला. तो 'कुणीतरी' म्हणजे बिरू स्वतःच होता, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही.

 हायवेवरून ट्रक जात होते. मग मी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला उठता आलं नसतं: "तू हॉलमध्ये हात जोडलेस. गाण्याच्या आधी."

"व्हय. त्यो पहिला हात त्येंचा हाय. बाकी गाणं न्हाई."

"अगं, पण तो आला कसा? मी वाजवला नाही. कुठे ठेवलेलाही नव्हता."

"आता ते मला काय इचारतासा? कम्पूटर तुमचा!"

ती उठून आत गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. दारातूनच म्हणाली, "मास्तर, गाण्यावरचं नाव तेवढं काढून टाका त्येंचं."

"काढतो. पण तो पहिला हात त्याचाच आहे म्हणतेस, मग त्याच्यासाठी तरी..."

"पहिला हात गाण्यात धरत न्हाईत. त्येच्यावर कुणाचं नाव घालत न्हाईत. तुमास्नी अकरा वर्सं सांगितलं की त्येनी." मग म्हणाली, "बाकीचं वाजीवलंय तुमी, तर तुमचं नाव घाला."

तिने चहा दिला. मी प्यालो.

घरी आल्यावर साताऱ्याच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ते प्रकरण नव्याने लिहावं लागेल. माझ्याकडे बिरूने खरोखर वाजवलेली जी जुनी गाणी उरली होती, ती तिला दिली. गायकांनाही कळवलं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. अल्बमवर आता लिहिलंय: गिटार — कॉम्प्युटरवर, आणि पुढे माझं नाव. बिरूचं नाव काढलंय.

गाण्याच्या आधीचा तो एक हात मी पुन्हा कापलेला नाही. ज्यांना या विषयातलं कळतं अशा तिघांना ती फाइल दिली. तिघांनी तीन कारणं सांगितली, आणि तिसऱ्या तारेपाशी येऊन तिघेही थांबले. माझ्याकडे चौथं कारण नाही. तो हात कसा आला, हे मला माहीत नाही. त्याच्यापुढचं बाकी सगळं कसं आलं ते मला पक्कं माहीत होतं, आणि ते सांगायला मी इतकी वर्षं घेतली.